‘नवशिक्यांसाठी सोपा’ इग्वाना: एका लेबलचा इतिहास

आमच्या ऑफिसात प्राणी पाळणाऱ्यांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर कुत्रेवाले, त्यांच्याखाली मांजरवाले (संख्येने कमी, पण मतं ठाम), मग फिशटँकवाले. अलीकडे यात एक नवी जमात आली आहे, ‘काहीतरी हटके’वाल्यांची. कुत्र्यावरून सोसायटीत भांडणं होतात, मांजराचे केस सोफ्यावर पडतात, म्हणून यांना हवा असतो एखादा सरपटणारा प्राणी. भुंकत नाही, केस गळत नाहीत, सकाळी सहाला फिरायला न्यावं लागत नाही. आणि मग कॅन्टीनमध्ये हमखास तो प्रश्न येतो. "सुरुवातीला इग्वाना कसा राहील रे? बिगिनर्ससाठी बेस्ट असतो म्हणे."

या ‘म्हणे’ने मला छळलं. कोण म्हणे? कधीपासून म्हणे? गेले दोन वीकेंड याच्या मागे लागलो होतो. ज्यांना पूर्ण लेख वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी उत्तर इथेच देऊन टाकतो. इग्वाना पाळायला सोपा आहे असं आधी कुणी तपासलं आणि मग तो नवशिक्यांच्या हाती दिला, असं काही घडलेलं नाही. तो ढिगाने आणि स्वस्तात मिळायला लागला, आणि ‘सोपा’ हे लेबल मागाहून चिकटलं. ते लेबल चुकीचं आहे हे कळेपर्यंत लाखो प्राणी दुकानांतून घरांत जाऊन पोहोचले होते.

तर मंडळी, चला पाचशे वर्षं मागे.

इग्वाना हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. मेक्सिकोपासून खाली ब्राझीलपर्यंत, शिवाय कॅरिबियनमधली काही बेटं. शब्दही तिकडचाच, कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आलेला. दिसायला आपल्या घोरपडीचा चुलतभाऊ वाटतो, पण इथेच पहिली गल्लत होते. घोरपड मांसाहारी. तिला उंदीर, किडे, अंडी, मेलेली जनावरं, काहीही चालतं. इग्वाना मात्र पक्का शाकाहारी, झाडाच्या शेंड्यावर बसून पानं खाणारा. नात्यानेही दोघं लांबचे. असो.

कोलंबसाच्या मागोमाग आलेल्या स्पॅनिश लोकांना हा प्राणी आधी किळसवाणा वाटला आणि मग चविष्ट लागला. १५१४ साली अमेरिकेत आलेला गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो हा अधिकारी-कम-इतिहासकार. त्याने १५२६ च्या आपल्या पुस्तकात इग्वानाबद्दल लिहिलं आहे, आणि याला जनावर म्हणायचं का मासा हे काही त्याला ठरवता आलेलं नाही. हा प्रश्न दिसतो तितका बावळट नाही. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चालत असे. इग्वाना झाडावर राहतो आणि पाण्यातही झकास पोहतो. आपल्याकडे उपासाला अमुक चालतं का तमुक, यावर जसे घरोघरी वाद होतात, तसंच हे. मध्य अमेरिकेत आजही ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात इग्वाना खाण्याची पद्धत आहे, आणि तिथलं त्याचं लाडकं नाव आहे ‘झाडावरची कोंबडी’.

याच ओव्हिएदोने पुढे एक उद्योग केला. व्हेनिसमधला त्याचा विद्वान मित्र रामुसिओ याला भेट म्हणून त्याने एक जिवंत इग्वाना जहाजाने पाठवला. आता प्रवासात त्याला खायला काय द्यायचं? बांधून ठेवलेला इग्वाना बरेच दिवस काहीच खाताना दिसत नसे, आणि बेटावरचे लोक म्हणत की हा फक्त माती खातो. झालं! साहेबांनी मातीने भरलेल्या पिंपात इग्वाना ठेवून रवाना केला. तो वाटेत समुद्रातच मेला.

ही गोष्ट वाचल्यावर मी खुर्चीतून उठून चहा करून आलो. कारण पुढच्या साडेचारशे वर्षांचा ट्रेलर त्या एका पिंपात आहे. लांबच्या देशातला प्राणी, कौतुक म्हणून मागवलेला, आणि तो काय खातो याची माहिती ऐकीव!

गंमत म्हणजे ती ऐकीव माहिती अगदीच हवेतली नव्हती. पण ते कळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं.

पनामामध्ये बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे. पनामा कालवा बांधताना जे प्रचंड तळं तयार झालं, त्यात उरलेला हा डोंगरमाथा. तिथे स्मिथसोनियन संस्थेचं संशोधन केंद्र आहे. या केंद्रातले स्टॅन्ली रँड यांनी इग्वानांवर अनेक वर्षं काम केलं. बेटाला लागूनच स्लोथिया नावाचा चिमुकला टापू आहे. तिथे इग्वानाच्या माद्या पाण्यातून पोहत येऊन अंडी घालतात. एक मादी एका वेळी वीस ते सत्तर अंडी घालते. रँड आणि गॉर्डन बर्गहार्ट यांनी तिथे पिलांवर पाळत ठेवली. १९७७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनी बऱ्याच लोकांना धक्का दिला. बिळातून बाहेर पडणारी पिलं एकेकटी पळत सुटत नाहीत. ती डोकी वर काढून अंदाज घेतात, एकमेकांची वाट बघतात आणि टोळीने बाहेर पडतात. ‘थंड रक्ताचा, एकलकोंडा, बिनडोक’ अशी ज्याची ख्याती, तो लहानपणी घोळक्याने राहतो.

पुढचा धक्का कॅथरीन ट्रॉयर या संशोधिकेचा. नुसती पानं खाऊन जगणं हे सोपं काम नाही. पानांतला तंतू पचवायला आतड्यात विशिष्ट सूक्ष्मजंतू लागतात. गाईम्हशींच्या पोटात असतात, तशीच सोय इग्वानाच्या मोठ्या आतड्यात असते. पण अंड्यातून निघालेल्या पिलाकडे हे जंतू येणार कुठून? ट्रॉयर यांना आढळलं की पिलं आधी बिळातली माती खातात (ओव्हिएदोचे बेटकरी आठवले ना?). मग ती झाडांवर चढून मोठ्या इग्वानांच्या आसपास वावरतात आणि त्यांची विष्ठा खातात. त्यातून योग्य जंतू पोटात जातात आणि मग पान पचायला लागतं. म्हणजे जन्मतः हार्डवेअर मिळतं, पण सॉफ्टवेअर मोठ्यांकडून कॉपी करून घ्यावं लागतं. (हा विनोद मला टाळता आला नाही, माफी असावी.) आता विचार करा, मोठ्यांचा कधी सहवासच न मिळालेलं पिलू डब्यात घालून दोन हजार मैलांवरच्या दुकानात आणलं, तर हे इन्स्टॉलेशन कोण करून देणार?

त्याच पनामात, त्याच सुमारास, आणखी एक बाई वेगळ्याच दिशेने काम करत होत्या. डॅगमार वेर्नर. जर्मन जीवशास्त्रज्ञ. आधी गालापागोस बेटांवर तिथल्या भूचर इग्वानांना वाचवण्याचं काम केलेलं. १९८३ पासून त्यांनी पनामात हिरव्या इग्वानाची पैदास करायचा प्रकल्प चालवला, पुढे तो कोस्टा रिकात नेला. कल्पना भन्नाट होती. गावकरी गुरांच्या चराईसाठी जंगल तोडतात. त्याऐवजी झाडं ठेवा, झाडांवर इग्वाना वाढवा आणि तेच खा. अंडी उबवायच्या कृत्रिम जागा, पिलं सात-आठ महिन्यांची होईपर्यंत सांभाळणं, मग जंगलात सोडणं, हे सगळं तंत्र त्यांनी बसवलं. इग्वाना हजारोंनी वाढवता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

‘झाडावरच्या कोंबडी’ची पोल्ट्री यशस्वी झाली खरी. पण मोठा धंदा मांसात नव्हता. मांसासाठी इग्वाना दोन-तीन वर्षं पोसावा लागतो. पाळीव म्हणून विकायचा तर काही आठवड्यांचं, वीतभर लांबीचं पोपटी पिलू पुरतं. खर्च कमी, डब्यात जास्त मावतात, आणि गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे देतं. एल साल्वाडोर आणि कोलंबिया इथल्या इग्वाना फार्मनी हे ओळखलं. इग्वाना १९७७ पासून साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात होता, म्हणजे त्याच्या व्यापारावर बंदी नव्हती पण परवाना लागे. फार्मवर जन्मलेल्या पिलांना परवाना मिळवणं सोपं होतं.

आता आकडे. अमेरिकेत १९८६ साली आयात झालेले इग्वाना होते २७,८०६. १९९३ साली आयात झाले ७,९८,४०५. सात वर्षांत जवळजवळ २९ पट!

बरेच लोक याचं सगळं खापर ‘ज्युरासिक पार्क’वर फोडतात. सिनेमा बघून पोरांनी डायनोसॉर मागितला आणि आईबापांनी इग्वाना आणून दिला, अशी ती कथा. ऐकायला छान आहे, आणि सिनेमाने मागणीला फोडणी दिली असेलही. पण तारखा बघा ना. सिनेमा आला जून १९९३ मध्ये. तोवर हा आलेख आकाशाला भिडत आला होता. कारण पडद्यावर नव्हतं, ते पुरवठ्यात होतं. पिलू अनेक दुकानांत २० डॉलरच्या आत मिळायचं. जत्रेतल्या सोनमाशासारखी वस्तू झाली ती. त्याआधीच्या पिढीत अमेरिकन पोरांना अशीच चिमुकली कासवं मिळायची. १९७५ साली तिथल्या सरकारने ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलांना त्यांच्यापासून साल्मोनेलाची लागण होत होती. (हा साल्मोनेला लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.)

आणि दुकानदाराने काय म्हणावं? समोर आईचा हात धरून आठ वर्षांचं पोरगं उभं आहे. प्राणी स्वस्त आहे. मग तो सोपा असलाच पाहिजे! महाग अजगर अनुभवी लोकांसाठी, स्वस्त इग्वाना नवशिक्यांसाठी. ‘बिगिनर्स रेप्टाइल’ हे लेबल असं किमतीच्या चिठ्ठीवरून आलं. आपल्या धंद्यात फुकट मिळतं म्हणून एखादं टूल ‘शिकायला सोपं’ समजतात, त्यातलाच प्रकार.

घरी गेल्यावर पुढे काय व्हायचं ते जरा तपशिलात सांगतो, कारण मुख्य मामला इथेच आहे.

सोबत एक लहान काचेची टाकी विकली जायची. पिलू असतं साधारण वीस सेंटीमीटरचं, त्यातही निम्म्याहून जास्त शेपूट. वजन दहा-बारा ग्रॅम. टाकी त्याला प्रशस्त वाटते. पण नीट वाढला तर हाच प्राणी तीनेक वर्षांत चार-पाच फुटांचा होतो. मोठा नर सहा फुटांपर्यंत जाऊ शकतो. त्याला लागतो माणसाच्या उंचीचा पिंजरा, आणि तोही उभा, कारण त्याला उंचावर बसायचं असतं. खरं सांगायचं तर त्याला एक खोली लागते. मुंबईत एक खोली म्हणजे काय भाव, ते मी सांगायला नको.

मग ऊन. इग्वाना आपलं शरीर आतून गरम ठेवू शकत नाही, ऊब बाहेरून घेतो. पान पचवणारे ते जंतूही ऊब असेल तरच काम करतात. त्यामुळे त्याला दिवसा तीसेक अंशांची हवा, शेकायला पस्तिशीच्या घरातली एक जागा आणि दमट वातावरण लागतं. दुकानात यावर उपाय म्हणून ‘हॉट रॉक’ मिळायचा, म्हणजे आत विजेची तार असलेला नकली दगड. पण इग्वाना उष्णता वरून, सूर्याकडून घ्यायला बनलेला. पोटाखालच्या चटक्याची जाणीव त्याला वेळेवर होत नाही. थंडीने काकडलेले इग्वाना त्या दगडाला चिकटून बसायचे आणि पोट भाजून घ्यायचे.

ऊन म्हणजे नुसती ऊबही नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांचा यूव्हीबी म्हणतात तो भाग कातडीवर पडला की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागतं. खिडकीच्या काचेतून हा यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. म्हणजे लोक कौतुकाने टाकी खिडकीपाशी ठेवायचे, इग्वाना उन्हात बसलेला दिसायचा आणि आत हाडं भुसभुशीत होत जायची. जबडा मऊ पडतो, पाय सुजतात (मालकाला वाटतं, वा, गुटगुटीत झाला!), मग बोटं थरथरतात, आणि शेवटी मागचे पाय निकामी. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी खास बनवलेल्या यूव्हीबी ट्यूब दुकानांत सर्रास दिसायला लागल्या १९९० च्या दशकात. म्हणजे प्राणी आधी आला, दिवा मागून आला. आणि तो दिवा पिलापेक्षा महाग!

आणि खाणं. इथे ओव्हिएदोचं पिंप पुन्हा उघडतं. जुन्या माहितीपत्रकांत बिनधास्त लिहिलेलं असायचं, कुत्र्यामांजराचं खाणं द्या, किडे द्या, सोबत लेट्यूस. पिलं लहानपणी किडे खातात असा समज होता, आणि समोर ठेवलं तर ती खातातही, झपाट्याने वाढतातही. त्यामुळे मालकाला वाटायचं, सल्ला बरोबर आहे. पुढे काही वर्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊन मरणारे इग्वाना पशुवैद्यांकडे यायला लागले, तेव्हा त्यांनी या मांसाहारी खुराकाकडे बोट दाखवलं. आणि लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी. कॅल्शियम भरपूर असलेली हिरवी पालेभाजी रोज चिरून द्यायची असते. पालकही नेहमी नको, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. हे सगळं पक्कं माहीत व्हायला १९९० चं दशक संपत आलं.

तिथे काही मंडळींनी याचा अक्षरशः ध्यास घेतला. जेम्स हॅटफिल्ड याचं इग्वाना-मालकांसाठीचं जाडजूड पुस्तक १९९६ साली आलं. २००० साली मेलिसा कॅप्लनचं ‘इग्वानाज फॉर डमीज’ आलं. शीर्षक वाचून मला हसू आलं. डमींच्या हाती जाऊन या प्राण्याचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं!

समजा, तुम्ही हे सगळं नीट केलंत. खोली दिली, दिवे लावले, रोज भाजी चिरली. बक्षीस काय मिळतं? वयात आलेला नर. विणीच्या हंगामात तो नारिंगी होतो, मान हलवून दरारा दाखवतो आणि काही नर चक्क मालकाला प्रतिस्पर्धी समजून हल्ला करतात. दात करवतीसारखे, पानं कापायला बनलेले. मनगटावर घेतला चावा तर टाके पडतात. शेपटीचा फटका वेगळाच. मादी असेल तर नर नसतानाही तिच्या पोटात अंडी तयार होऊ शकतात, आणि घालायला योग्य जागा नसेल तर ती आत अडकून जिवावर बेततं. हा दुष्टपणा नव्हे हो. कुत्र्यासारखी हजारो वर्षं माणसासोबत काढलेली जात नाही ही. फार्मवर जन्मलेला असला तरी तो रानटी प्राणीच आहे, आणि नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. आठ वर्षांचं पोरगं तोवर इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेलं असतं.

आता साल्मोनेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात हे जंतू सुखाने नांदतात, प्राणी आजारी दिसत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेकडे साल्मोनेला मरीना नावाच्या एका दुर्मिळ प्रकाराचे नमुने यायचे. १९८९ साली २, १९९४ साली ४७. संस्थेच्या लोकांनी १९९४ च्या ३२ रुग्णांची माहिती काढली. बहुतेक जण वर्षाच्या आतली तान्ही बाळं! त्यांतलं एक दगावलं. जवळजवळ सगळ्यांचा इग्वानाशी संबंध निघाला, पण त्यांतल्या फारच थोड्या बाळांनी इग्वानाला प्रत्यक्ष हात लावला होता. मोठ्यांच्या हाताला लागून जंतू बाळापर्यंत पोहोचत होते. माझ्या मते इग्वानाच्या बाजूने केलेला कुठलाही युक्तिवाद, घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर, इथेच संपतो. बाकीच्यांनी हात साबणाने धुवावेत आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टाकी धुऊ नये.

लाखो पिलांपैकी बहुतेक पहिल्या एकदोन वर्षांतच मेली असणार. जी जगली ती मोठी झाली, आणि काही मालकांनी त्यांना गुपचूप सोडून दिलं. न्यूयॉर्कमध्ये सोडलेला इग्वाना पहिल्या थंडीत मरतो. पण दक्षिण फ्लोरिडात? तिथे कालवे आहेत, बागा आहेत, बाराही महिने हिरवळ आहे. मायामीच्या परिसरात इग्वाना दिसल्याच्या नोंदी १९६६ पासूनच्या आहेत, म्हणजे ही लाट यायच्या कितीतरी आधीपासून. लाटेनंतर मात्र त्यांचा सुळसुळाट झाला. ते कालव्यांच्या काठात लांबलचक बिळं करतात. वेस्ट पाम बीच शहराला इग्वानांनी पोखरलेलं एक धरण दुरुस्त करायला १८ लाख डॉलर मोजावे लागले. फ्लोरिडा कीजमधल्या बहिया होंडा पार्कात मायामी ब्लू नावाच्या दुर्मिळ फुलपाखराची वसाहत होती. त्याच्या अळ्या ज्या झुडपावर जगतात, त्याची कोवळी पालवी इग्वानांनी फस्त केली, आणि २०१० च्या सुमारास तिथून ते फुलपाखरू नाहीसं झालं. थंडीची लाट आली की इग्वाना बधिर होऊन झाडांवरून खाली पडतात. २१ जानेवारी २०२० रोजी मायामीच्या हवामान खात्याने लोकांना तशी सूचनाच दिली होती, की इग्वाना पडताना दिसले तर दचकू नका. जगभर हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखं कमी वाटतं.

अखेर एप्रिल २०२१ मध्ये फ्लोरिडाने हिरव्या इग्वानाला प्रतिबंधित यादीत टाकलं. ज्यांच्या घरी आधीच होते त्यांना परवाना आणि प्राण्याच्या अंगात चिप, नव्यांना मनाई. ‘बिगिनर्स रेप्टाइल’ हे लेबल तिथे कायद्यानेच काढून टाकलं.

आपल्याकडचं काय? आपल्या रानातली घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे, ती पाळणं हा गुन्हा. पण परदेशी प्राण्यांचा त्या कायद्यात बराच काळ उल्लेखच नव्हता. म्हणून घोरपड नाही तर इग्वाना, अशी पळवाट मुंबई-पुण्यापर्यंत आली. जून २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अशा परदेशी प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करायला सांगितलं. मग २०२२ च्या दुरुस्तीने साइटिसमधल्या जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. इग्वाना त्यात येतो. विकत घेतला, दुसऱ्याला दिला, पिलं झाली, मेला, सगळं कळवायचं. तेव्हा दुकानदार "कागदबिगद काही लागत नाही साहेब" म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो. फ्लोरिडात इग्वाना झाडावरून पडायला लागतात ते याहून थोड्याच कमी तापमानाला. त्यात लोडशेडिंग आलं की दिवे बंद. आणि इग्वानाच्या हाडांचा एक्स-रे वाचू शकेल असा पशुवैद्य तुमच्या भागात आहे का, हे प्राणी आणण्याआधी बघा, नंतर नको.

मग हटकेवाल्यांनी काय करावं? जगभर अनुभवी लोक सुरुवातीला लेपर्ड गेको किंवा कॉर्न स्नेक सुचवतात. दोन्ही टाकीत आयुष्य काढू शकतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात वाढलेले असतात. त्यांचं खाणं मात्र अनुक्रमे जिवंत किडे आणि उंदीर. शाकाहारी म्हणून इग्वाना निवडणारे बरेच जण इथेच गळतात! कायदा, कागद, साबण हे त्यांच्याही बाबतीत आधी तपासायचंच.

ता. क. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर स्वतःचा असा एक निळा इग्वाना आहे. २००२ च्या सुमारास तो रानात पंचवीसही उरला नव्हता. तिथल्या लोकांनी एकेक अंडं जपत, पिलं वाढवून सोडत २०१८ पर्यंत हजारांचा टप्पा गाठला. त्याच बेटावर बाहेरून आलेल्या हिरव्या इग्वानांची संख्या तोवर दहा लाखांच्या पुढे गेली होती. त्याच २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने दर नगामागे पैसे देऊन त्यांची कत्तल सुरू केली, आणि दोनेक वर्षांत दहा लाखांहून जास्त मारले.